एक रतल जोंधळा

म्हसवडहून पूर्वेकडे निघालं की माणगंगेवर राजेवाडीचा तलाव लागतो. कागदोपत्री त्याचं नाव म्हसवड तलाव. म्हसवड साताऱ्यात, राजेवाडी सांगलीत, आणि पाणी दोन्हींच्या वेशीवर. १८७६-७७च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांच्या हातून या बांधाचं काम सुरू झालं आणि १८८७ साली ते पुरं झालं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर हे सगळं साताऱ्यात मोडायचं. १९४९ साली या भागाचा 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० साली सांगली.

मला बोलायचंय ते बांधाबद्दल कमी आणि पाटी उचलणाऱ्याच्या पोटाबद्दल जास्त. गेल्या दीडशे वर्षांत या देशात 'माणसाला जगायला किती अन्न लागतं' हा प्रश्न सरकारदरबारी पुन्हा पुन्हा निघाला, आणि दर वेळी त्या वादाच्या मध्यभागी माण-खटाव-तासगावच्या पट्ट्यातलं कोणी ना कोणी निघतं. योगायोग असेल. पण ज्या मुलखात पाऊस दर चार वर्षांनी दगा देतो, तिथल्या माणसाला धान्य मोजायची सवय लागणारच.

१८७६चा पावसाळा दख्खनवर कोरडा गेला. सोलापूर, कलादगी आणि साताऱ्याचा पूर्वभाग होरपळला. गुरं गेली, मग माणसं वाटेला लागली. सरकारनं खडी फोडायची, माती टाकायची कामं काढली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर धाडलं. हेच टेंपल १८७४ साली बंगाल-बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशचा तांदूळ आणून लोकांना जगवण्यात यशस्वी झाले होते आणि त्याबद्दल 'उधळ्या' म्हणून बोलणी खाऊन बसले होते. या खेपेला त्यांनी हात आखडला. मोठ्या माणसाला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, एवढ्या मजुरीत भागेल असं त्यांचं म्हणणं. ती 'टेंपल मजुरी' या नावानं इतिहासात गेली.

एक रतल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम जोंधळ्यात साधारण ३५० कॅलरी धरल्या, तर रतलभर जोंधळा होतो १,५९०च्या आसपास. वरच्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण, जे काय बसेल ते. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची.

मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याविरुद्ध आवाज उठवला. राबणाऱ्या माणसाला दीड रतल धान्य तरी हवं, शिवाय डाळ आणि भाजीपाला, असा त्यांचा आग्रह होता. इकडे मुंबई इलाख्यात लोकांनी वेगळं उत्तर दिलं. मजुरी उतरवल्याबरोबर हजारो माणसं कामावरून उठून गेली. उपाशी माणसानं मजुरीवर लाथ मारून घरची वाट धरावी, हे साहेबांना उमजेना. पुण्याची सार्वजनिक सभा मजुरांच्या बाजूनं उभी राहिली. तिचे कर्तेधर्ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', मूळचे सातारचे. त्याच जानेवारीत दिल्लीदरबारात हे गृहस्थ हातमागाच्या जाड्याभरड्या कपड्यांत जाऊन बसले होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मद्रासमध्ये टेंपल मजुरी मागं घेतली गेली आणि टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. म्हणजे साताऱ्याचेही धनी तेच.

दुष्काळाच्या छावण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली, तिचा उलगडा मात्र तेव्हा कोणाला नीट होत नव्हता. हाडांचा सापळा झालेला माणूस छावणीत यायचा. त्याला शिजवलेलं अन्न मिळायचं. तो खायचा. आणि चार-आठ दिवसांत जुलाब लागून मरायचा. मद्रासच्या छावण्यांतले डॉक्टर अलेक्झांडर पोर्टर यांनी अशा माणसांची शवविच्छेदनं केली आणि १८८९ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांना दिसलं ते असं, की उपासमारीत फक्त मांस झडत नाही, आतडीही झडतात. भिंत पातळ होते, आतलं अस्तर खंगतं. पोर्टर यांच्या मते दुष्काळी जुलाबांचं मूळ तिथं होतं.

भाकरी तोंडात गेल्यापासून तिचं काय होतं हे जरा बघू, म्हणजे पोर्टरना काय सापडलं होतं ते कळेल. घास चावताना लाळेतलं पाचकद्रव्य पिष्टाची लांब साखळी तोडायला लागतं. म्हणून भाकरी फार वेळ चघळली की गोड लागते. जठरात आम्लात घुसळण होते, प्रथिनांची गाठ तिथं सुटू लागते. मग लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाचा रस आणि पित्त येऊन मिळतं. इथपर्यंत सगळी फोडाफोडी. अन्न अजून शरीराच्या 'बाहेर'च आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची ही एक लांब नळी, आणि नळीतली वस्तू अंगाला लागली असं म्हणता येत नाही. अंगाला लागणं हे पुढचं काम, ते लहान आतड्याच्या अस्तराचं. हे अस्तर मखमलीसारखं असतं: बोटाच्या आकाराचे लाखो बारीक उद्वर्ध, त्यांच्यावर पेशी आणि पेशींवर त्याहून सूक्ष्म केसाळ कडा. हे सगळं पसरलं तर तीसेक चौरस मीटर भरतं, म्हणजे गावाकडच्या दोन चांगल्या खोल्यांची जमीन. साखर, प्रथिनांचे तुकडे, चरबी, जीवनसत्त्वं या कडांतून आत घेतली जातात. साखर तर मिठातल्या सोडियमचा हात धरून आत येते. अतिसारात साखर-मिठाचं पाणी का पाजतात, त्याचं कारण हेच.

या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. शरीरात इतक्या वेगानं जुनं टाकून नवं घालणारी जागा क्वचितच दुसरी असेल. नव्या पेशींना लागणारा शिधा काही रक्तातून येतो आणि बराचसा समोरून वाहणाऱ्या अन्नातूनच. पोट रिकामं राहिलं की ही पेरणी थांबते, उद्वर्ध बुटके होतात, मखमलीचं गोणपाट होतं. मग वर कितीही वाढा. रतलभर द्या नाहीतर दोन रतल, नळीतून ते तसंच वाहून जातं. टेंपल आणि कॉर्निश रतलांवरून भांडत होते. पोर्टरच्या टेबलावरचा मुडदा वेगळंच सांगत होता, की ताटात किती पडलं आणि अंगाला किती लागलं हे दोन हिशोब निरनिराळे आहेत. पहिला हिशोब सोपा, म्हणून सरकारनं तोच धरला.

दुसरा हिशोब किती बेमालूम विसरला जातो याचा एक नमुना. धान्याच्या तक्त्यात आपण कॅलरीचे आकडे बघतो, त्यांची रीत घालून दिली अमेरिकेच्या विल्बर ॲटवॉटर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. नुसतं अन्न जाळून किती उष्णता निघते एवढ्यावर ते थांबले नाहीत. माणसांना अन्न खायला घालून, त्यांच्या विष्ठेतून किती वाया गेलं ते मोजून त्यांनी ती वजावट केली. काम चोख. पण ती माणसं धडधाकट होती, स्वच्छ पाणी पिणारी आणि पोटभर जेवणारी. म्हणजे जोंधळ्यापुढे छापलेले ते ३५० कॅलरी निरोगी आतडं गृहीत धरूनच छापले आहेत. खंगलेल्या आतड्याचा तक्ता कोणी छापत नाही.

आता पुसेगावजवळच्या बुध या गावी जाऊ. खटाव तालुका. तिथं २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. फर्ग्युसनमधून गणिताची पदवी, मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज, संख्याशास्त्रातले नेमन, पिअर्सन, फिशर हे त्या काळचे दिग्गज आसपास. परत आल्यावर कृषी संशोधन परिषदेत देशभरच्या पिकांचा अंदाज काढायची पद्धत बसवली. १९५१ पासून वीसेक वर्षं रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे सांख्यिकी संचालक. जगातली दोनतृतीयांश माणसं भुकेली आहेत असं तेव्हा मोठमोठे लोक बोलत. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचून सांगितलं की पोटाला खरोखर कमी पडणारे दहा ते पंधरा टक्के आहेत. आहार निकस असणारे धरले तर निम्म्यापर्यंत जाता येईल, पण दोन्हींची भेसळ करू नका. आकडा कमी केला म्हणून काहींनी नाकं मुरडली. सोसायटीनं पदक दिलं.

त्याच दशकात जगाला प्रथिनांचं वेड लागलं. गरीब देशांतली मुलं प्रथिनांवाचून वाळताहेत, म्हणून माशांची भुकटी करा, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ करा, पावात लायसिन मिसळा. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी 'प्रथिनांचं येऊ घातलेलं संकट' म्हणून अहवालच काढला. सुखात्मे म्हणत राहिले, अहो, जोंधळ्यात, गव्हात, डाळीत प्रथिनं आहेत. माणूस पोटभर जेवला तर ती आपसूक पुरतात. पोट अर्धं राहिलं तर शरीर आलेलं प्रथिनही चुलीत घालतं. चुलीला लाकूड नसेल तर माणूस घराचा वासाही जाळतो, तशातली गत. १९७३ साली तज्ज्ञांनी प्रथिनांची गरज खाली आणली, आणि पुढच्या वर्षी लॅन्सेटमध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी या सगळ्या प्रकाराला फजिती म्हणून टाकलं.

इथं जोंधळ्याच्या बाजूनं आणि विरुद्ध एक गोष्ट सांगायला हवी. त्यात प्रथिन दहा टक्के असलं तरी शिजवल्यावर त्याच्या गाठी आवळतात आणि जठरातल्या पाचकाला दाद देत नाहीत. १९८१ साली पेरूमध्ये लहान मुलांना ज्वारीची लापशी देऊन पाहिलं, तेव्हा त्यातलं निम्म्याहूनही कमी नत्र आत शोषलं गेलं. लापशी आणि भाकरी एक नव्हेत, मूल आणि मोठा माणूसही एक नव्हेत. पुढे आंबवलेल्या ज्वारीच्या सुदानी भाकऱ्या तपासल्या तर त्या बऱ्याच अधिक पचल्या. आपल्याकडची आंबील कोणत्या आजीनं कधी शोधली याची नोंद नाही, पण तिला पदक मिळालं नाही हे नक्की.

दुसरे गृहस्थ सातारा शहरातले. विनायक महादेव दांडेकर, जन्म ६ जुलै १९२०. तेही संख्याशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९६६ पासून संचालक. १९७१ साली त्यांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर 'पॉव्हर्टी इन इंडिया' लिहिलं. रीत साधी: माणशी दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो ते काढा, त्याखालचे ते गरीब. १९६०-६१च्या भावानं खेड्यात वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७०. त्या मापानं खेड्यातले चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक रेषेखाली गेले. देशाच्या दारिद्र्याला पोटाशी बांधून घातलं ते या पुस्तकानं. एकदा बांधलेली ती दावण पुढं नियोजन आयोगानंही ठेवली: खेड्यात २,४००, शहरात २,१००.

पुस्तक आलं आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या भागात 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं. लाखो माणसं पुन्हा खडीवर, पुन्हा पाझर तलावांच्या मातीवर. अमेरिकेहून आलेला तांबूस मिलो रेशनवर मिळायचा, त्याच्या भाकरीला चव नव्हती हे सांगताना म्हातारी माणसं आजही तोंड वाकडं करतात. कामावर सुकडी वाटली जायची. सुकडी हे त्या दुष्काळातल्या पोरांचं खाद्य, तिचा वास अजून नाकात आहे असं सांगणारे भेटतात. पण १८७७ आणि १९७२ यांत एक मोठा फरक पडला होता आणि तो तासगाव तालुक्यातल्या विसापूरनं पाडला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तिथं मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर वापरली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि काम हा सरकारच्या मर्जीचा विषय न राहता मजुराचा हक्क झाला. टेंपलसाहेबांच्या कामावरून उठून गेलेल्यांना जे मागता आलं नव्हतं, ते शंभर वर्षांनी लेखी आलं. बहात्तरच्या दुष्काळात १८७६ सालासारखं माणूस मेलं नाही.

सुखात्मे रोमहून निवृत्त होऊन पुण्यात परतले आणि गोखले संस्थेतही वावरू लागले. दोघे सातारकर, दोघे संख्याशास्त्री, एकाच गावात. वाद होणं भागच होतं.

सुखात्म्यांच्या हाती कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातली शेल्डन मार्गेन यांची आकडेवारी आली होती. तिथं तरुण स्वयंसेवकांना कोंडून ठेवल्यासारखं ठेवून, रोज मोजून जेवण देऊन, काय आत गेलं आणि काय बाहेर आलं याचा दिवसाकाठी हिशोब ठेवला जाई. आहार तोच, माणूस तोच, काम तेच, तरी रोजची शिल्लक हलत राहायची. बाकीच्यांना ती मोजमापातली चूक वाटली. सुखात्म्यांना त्यात लय दिसली: आजचा आकडा कालच्या आकड्याला धरून चालतो. म्हणजे शरीर स्वतःला सावरून घेतं. कमी मिळालं तर काटकसरीनं वापरतं, जास्त मिळालं तर उष्णतेच्या रूपानं उडवतं. १९७८ आणि १९८२ साली मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हे मांडलं. निष्कर्ष असा, की माणसाची गरज हा एक आकडा नसून एक पट्टा आहे, आणि पट्ट्याच्या खालच्या काठाच्या आत जो आहे त्याला कुपोषित म्हणता येत नाही. आठवड्याच्या सरासरीतला हेलकावा पंधरा टक्क्यांच्या आसपास धरला आणि खाली दोन पावलं गेलं की काठ येतो सरासरीच्या सत्तर टक्क्यांवर.

दांडेकर उसळले. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीची पानंच्या पानं या वादानं भरली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: एका माणसाचा आठवड्याआठवड्यातला हेलकावा वेगळा आणि वर्षभर, जन्मभर खालच्या काठावरच राहणारी माणसं वेगळी. ज्याच्या पदरी कमी येतं तो पुढल्या आठवड्यात भरून काढतो असं नाही, त्याच्या पदरी पुढल्या आठवड्यातही कमीच येतं. हजारो माणसांच्या गटासाठी मोजायला सरासरीच हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी प्रमुख डॉ. सी. गोपालन तर याहून कडक बोलले. शरीर कमी अन्नावर जुळवून घेतं हे खरं, पण त्याची किंमत उंचीत, ताकदीत, पोरांच्या वाढीत मोजावी लागते.

मी गंमत म्हणून एक गणित करून पाहिलं. दांडेकरांचे २,२५० आणि सुखात्म्यांचे सत्तर टक्के. उत्तर येतं १,५७५. टेंपलसाहेबांचा एक रतल जोंधळा, पंधराएक कॅलरी कमी. हे गणित शास्त्राला धरून नाही, हे कबूल करतो. २,२५० हा लहानमोठे सगळे धरून माणशी आकडा आहे आणि टेंपल यांचा रतल राबत्या प्रौढाचा. सुखात्मे काही हात आखडणारे साहेब नव्हते. पण आकडा समोर आला तेव्हा मी कागद थोडा वेळ तसाच ठेवला.

सुखात्म्यांच्या बाजूची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ती इथं सांगतो. सुखात्मे म्हणत होते की ताट वाढवलं म्हणून पोषण वाढत नाही, कारण मधे आतडं आहे. घाण पाणी पिणाऱ्या, जंत आणि हगवण यांनी बेजार झालेल्या माणसाला आणखी धान्य देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. त्यामुळे नंतरच्या काळात त्यांचा भर पिण्याचं स्वच्छ पाणी, संडास आणि हिरव्या पालेभाज्या यांवर राहिला. याला आधार होता. साठच्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअरचे धट्टेकट्टे तरुण पूर्व पाकिस्तानात काम करायला गेले. त्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले तर काही महिन्यांत उद्वर्ध बुटके झालेले आणि शोषण घटलेलं. खायला त्यांना कमी नव्हतं. मायदेशी परतल्यावर आतडी पुन्हा सुधारली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बेकर आणि माथन यांनी दक्षिण भारतातल्या खेडुतांच्या आतड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांनाही हेच चित्र दिसलं. पोर्टर यांनी मुडद्यात जे पाहिलं होतं त्याचंच सौम्य रूप चालत्याबोलत्या माणसांत होतं.

माझा कौल विचाराल तर शरीराबद्दल सुखात्म्यांना जास्त कळलं होतं आणि सरकारबद्दल दांडेकरांना. गरज हा पट्टा आहे हे खरं. पण पट्टा सरकारच्या हातात दिला की ते खालचा काठ धरतं, हेही तितकंच खरं. पाणी आणि संडास यांचं सुखात्म्यांचं म्हणणं त्या मानानं कमी लोकांनी उचललं. रेषा खाली आणता येते हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात राहिलं.

दांडेकर ३० जुलै १९९५ रोजी पुण्यात वारले, सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी, तेही पुण्यातच. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीनं दारिद्र्यरेषेचा कॅलरीशी असलेला थेट संबंध तोडला. तरी आपल्या नव्या रेषेवरचा शहरी माणूस प्रत्यक्षात किती खातो हे समितीनं तपासून पाहिलं. आकडा आला १,७७६, आणि अन्न व शेती संघटनेचा भारतासाठीचा किमान आकडा होता १,७७०, म्हणून समितीचं समाधान झालं. किमान गरजेचा काठ काढून भुकेले मोजायची ती रीत त्या संघटनेत सुखात्म्यांनीच रुजवली होती. १,७७६ म्हणजे जोंधळ्यात मोजलं तर एक रतल आणि वर मूठभर.